मॅन्डोलिनला दिलेलं सोनं

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — आणि तुम्हाला म्हणून सांगतो, बायकोला मी तिच्या भावाबद्दलचं माझं खरं मत तोंडावर सांगून बसलेला माणूस आहे. म्हणजे धाडस अगदीच नाही असं नाही. पण हे नाही जमलं. विषय जवळ आला की मी पाणी प्यायला उठतो. आज तांब्या शेजारीच घेऊन बसलोय, बघू.

तसं ऐकायला गेलात तर काहीच नाही हो. झाडाचं एक पान. एवढंच! पानाने कोणाचं काय वाईट होतं? — मीही स्वतःला बरेच दिवस हेच विचारत होतो, आणि उत्तर यायच्या आत दुसरीकडे बघत होतो.

मी पाठक. राहायला निगडीला, प्राधिकरणात. नोकरी चाकणला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटी खात्यात. आमच्या कंपनीला बारकेबारके कारखानदार माल पुरवतात. त्यांच्या शेडवर जायचं आणि ‘हे असं का, ते तसं का’ करून त्यांचं डोकं खायचं, याचा मला पगार मिळतो. पगार नसता तरी मी हे केलं असतं, असं घरचे म्हणतात. पोळी एका बाजूला जाड आली की मी ती उजेडाकडे धरून बघतो, हे खरं आहे.

तर या कारखानदारांपैकी एक दत्ताभाऊ येळवंडे. म्हाळुंग्याकडचं जुनं शेतकरी घर. बरीच जमीन एमआयडीसीत गेली, राहिलेल्या तुकड्यावर भाऊंनी शेड टाकली, प्रेस मशिनं बसवली आणि पत्र्याचे ब्रॅकेट काढायला लागले. आडवा बांधा, झुपकेदार मिशा, आणि आवाज असा की त्यांनी स्वतःच्या शेडमध्ये हाक मारली की पलीकडच्या शेडमधला माणूस ‘ओ’ देई. साधे, गरीब, बिचारे वगैरे समजू नका हं! चांगला माज होता गड्याला, आणि शोभायचा.

आणि हा माणूस मॅन्डोलिन वाजवायचा. तेही अमेरिकन. हसू नका. घराचा वरचा मजला भाऊंनी एका अमेरिकन इंजिनिअरला भाड्याने दिला होता. कुठल्याशा कंपनीची लाइन उभी करायला आला होता तो. संध्याकाळी गच्चीत बसून हे वाजवायचा. भाऊंना इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं, त्यामुळे दोघांचं फार छान जमलं. भाऊ नुसते समोर बसून त्याच्या बोटांकडे बघत राहायचे. काम संपवून तो परत गेला तेव्हा वाद्य भाऊंना देऊन गेला. का? तर वहिनी सांगायच्या, तोवर भाऊ त्याच्यापेक्षा बरं वाजवायला लागले होते, आणि हे त्यालाही कळलं होतं.

त्या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. तिकडच्या डोंगराळ मुलखातल्या खेड्यांमधलं संगीत. भाऊंची व्याख्या जास्त सोपी होती: “तिकडलं मावळ हाय ते, साहेब.”

मी पहिल्यांदा ऐकलं ते ऑडिटला गेलो असताना. लाइट गेली, प्रेस थांबल्या, आणि भाऊंनी ऑफिसच्या कपाटातून मॅन्डोलिनची पेटी काढली. आठ तारा, जोडीजोडीने लावलेल्या. मग त्यांचा उजवा हात — काय सांगू? हात दिसेनासा झाला, राव! इतकं जलद, आणि तरी एकेक सूर वेगळा, स्वच्छ, नुकता घासून ठेवल्यासारखा. मी आयुष्यभर मायक्रॉन मोजत आलोय. मला चूक सापडते. लग्नाच्या पत्रिकेत सापडते, देवळाच्या घंटेत सापडते. त्या वाजवण्यात मला चूक सापडेना, आणि माझे डोळे भरून आले. लाइट आली तेव्हा मला फार राग आला.

वेडच लागलं मला त्या माणसाचं. आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. माझे गुरुवार म्हाळुंग्याला जायला लागले. कामाच्या दिवशीही त्यांच्याकडची ऑडिटं लांबायला लागली. साहेबांना वाटलं पाठक फार कसून तपासतात. बायको म्हणायची, “त्या येळवंड्यांच्या मालात एवढं काय बिघडलंय रोजचं?” काही बिघडलेलं नव्हतं. असतं तर मी तेही पोटात घातलं असतं, इतपत माझी अवस्था होती.

फक्त एक होतं. वाद्याला हात लावायचा नाही. कोणीच नाही. वहिनींनाही पुसायची परवानगी नव्हती. “बायको रुसून म्हायेरी गेली तर यील परत, ह्ये न्हाई यायचं,” असं भाऊ वहिनींच्या देखत म्हणायचे आणि वहिनी मला जास्तीची भजी वाढायच्या, का ते देव जाणे. मी आपला लांबून बघायचो. त्या गुळगुळीत लाकडावरून एकदा बोट फिरवावं, एकदाच, असं मला किती वाटायचं म्हणून सांगू? माझ्या वयाच्या माणसाला शोभत नाही ते.

मग एके दिवशी मी भाऊंचा व्हिडिओ काढला आणि इकडेतिकडे पाठवला. तो फिरत फिरत पुण्यातल्या एका ग्रूपपाशी पोहोचला. हेच संगीत वाजवणारी पोरं. गिटारवाला होता, फिडल म्हणजे व्हायोलिनवाला होता, मॅन्डोलिनवाला नव्हता. त्यांनी भाऊंना फोन केला. दिवाळीनंतर ऐकायला येतो म्हणाले, जमलं तर पुण्यातल्या कार्यक्रमात घेतो. भाऊंनी तोवर शेडबाहेर कधी वाजवलं नव्हतं. वरून फार बेफिकिरी दाखवली त्यांनी — ‘बघू, टाइम असला तर’ — पण वहिनींनी मला हळूच सांगितलं की स्टेजवर घालायला जॅकेट शिवायला टाकलंय. त्या जॅकेटचं मला त्यांच्याइतकंच अप्रूप वाटलं. खरंच वाटलं. हे लक्षात असू द्या, कारण पुढे मी जे केलं ते ऐकल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे कारखान्यात पूजा असते, माहीत आहे तुम्हाला. मशिनं धुऊन पुसून, झेंडूचे हार, हळदीकुंकू, वर आपट्याचं पान. भाऊंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. गेलो तर प्रेसच्या रांगेत शेवटी एक चौरंग, त्यावर लाल कापड, आणि त्यावर — मॅन्डोलिन! भाऊ म्हणाले, “आमचं ह्येबी हत्यारच हाय.” पूजा झाली, आरती झाली. हार मात्र त्याला घातला नव्हता, की कुंकू लावलं नव्हतं. वाद्याला ओल नको म्हणून. मशिनं नटूनथटून बसलेली आणि ते एकटं उघडंबोडकं.

तेवढ्यात बाहेर कोणी पुढारी आले. सगळे त्यांच्या स्वागताला फाटकाकडे धावले. आणि मी? मी मागे राहिलो.

मी, मॅन्डोलिन, आणि माझ्या हातात आपट्याचं पान. नुकतंच मला कोणीतरी सोनं म्हणून दिलेलं. माझ्या मनात वाईट काही नव्हतं, पण तो काही बचाव नाही. मला वाटलं, सगळ्या मशिनांना सोनं मिळालं, यालाच का नाही? द्यावं आपल्या हाताने. आणि त्या निमित्ताने — बोटही फिरवावं. मी बोट फिरवलं. मग पान तारांखाली खोचायला गेलो. माझ्या बोटाला ओलं कुंकू होतं, पान बोटाला चिकटलं, मी झटकलं, आणि वाद्याच्या अंगावर ती जी लांबट, वळणदार फट असते ना, तिच्यातून ते सरळ आत गेलं.

गेलं म्हणजे गेलंच!

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? हाक मारली असती. मी खिशातून फिलर गेज काढला. फटी मोजायच्या पातळ पट्ट्या असतात त्या. आम्ही क्वालिटीवाले दसऱ्यालासुद्धा खिशात ठेवतो. पट्टी आत घालून पान ओढायला गेलो, तर ते आणखी आत सरकलं. पुन्हा पट्टी घातली. आता ते दिसेनासंच झालं. आणि मागून भाऊंचा आवाज: “काय बघताय, साहेब?”

“फिनिश,” मी म्हणालो. “सरफेस फिनिश उत्तम आहे.”

भाऊ खूश झाले. मला पेढा दिला. मी तो खाल्ला.

पुढचे काही दिवस काहीच झालं नाही आणि मी सुटलो असं मला वाटलं. पान ओलं होतं तोवर आत गप्प चिकटून राहिलं असणार. मग ते वाळलं, त्याची एक कड उचलली गेली, आणि भाऊंनी ठरावीक सूर छेडले की ती कड लाकडावर थरथरायला लागली. भाऊंचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता, म्हणजे फोन कानाला लावून ऐकता येत होता. “साहेब, करकरतंय. वाजवलं की आत कायतरी बोलतंय. जरा येता का? तुमी क्वालिटीचं मानूस.”

म्हणजे बघा — चोरी झाली, आणि तपासाला बोलावलं कोणाला!

आमच्या धंद्यात एक रीत आहे. माल बिघडला की ‘का?’ विचारायचं. उत्तर आलं की त्या उत्तरालाही ‘का?’. असं खोदत जायचं, खरं कारण लागेपर्यंत. व्हाय-व्हाय म्हणतात तिला. या रीतीने मी भल्याभल्यांना घाम फोडलाय. भाऊंनी शेडमधला पांढरा फळा पुसून ठेवला होता, मार्कर माझ्या हातात दिला आणि समोर विद्यार्थ्यासारखे बसले. मी फळ्यावर लिहिलं: आवाज करकरतो. का?

तारा जुन्या झाल्या? भाऊंनी नव्या चढवल्या. करकर तशीच. प्रेसच्या हादऱ्याने? सगळ्या प्रेस बंद केल्या. भर दिवसा, ऑर्डर अंगावर असताना. करकर तशीच. हवा बदलली? पेटीत कोरडेपणासाठी पुड्या ठेवल्या. भाऊंनी वाद्य उलटं करून हलवून पाहिलं, पण पान आत घट्ट बसलेलं, ते कशाला पडतंय! आणि भाऊ पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, “साहेब, आत कायतरी हाय. पाठ उघडून बघू का?”

मी म्हणालो, “आत काय असणार, भाऊ? लाकूड आणि हवा. उघडलंत तर कायमचं गेलं समजा.”

त्यांनी ऐकलं. माझा शब्द त्यांच्याकडे शेवटचा असायचा. मी पास म्हटलं की माल पास. आता मी तुम्हाला आमच्या धंद्यातलं एक उघड गुपित सांगतो. खरं कारण कोणालाच नको असलं की शेवटच्या ‘का’ला एकच उत्तर येतं — ऑपरेटर. मशिन बरोबर, माल बरोबर, चुकला तो चालवणारा. फाईल बंद. मी हे तोंडाने म्हणालो नाही हं. भाऊच फळ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि हळू म्हणाले, “मंग माझा हातच बसंना झालाय का, साहेब? दाब कमीजास्त पडत आसंल?”

मी काय केलं? मी मार्कर उचलला आणि फळ्यावर ‘ऑपरेटर’ लिहिलं. खाली रेघ मारली. अक्षर सुरेख आलं होतं.

तुम्ही म्हणाल, पाठक, एवढी भीती कशाची? काय, मारलं असतं का त्यांनी? नसतं मारलं. फार तर आरडाओरडा केला असता, सगळ्या एमआयडीसीने ऐकलं असतं, आणि मग माझ्यावर आयुष्यभर हसले असते. बस्, एवढंच! मी हसं व्हायला घाबरलो. दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःची एक चूक काढता आली नाही.

भाऊंनी त्यानंतर फार मेहनत घेतली. पहाटे उठून दाब सारखा पडावा म्हणून एकेक सूर घोटत बसायचे, असं वहिनी सांगायच्या. जितकं बारीक ऐकायचे तितकी करकर जास्त ऐकू यायची. दिवाळी झाली. पुण्याच्या पोरांना त्यांनी येऊ नका म्हणून कळवलं. वेळ नाही असं सांगितलं. मग एका गुरुवारी मी गेलो तर पेटी टेबलावर तयार. “न्या तुमी, साहेब. तुमच्याइतकं प्रेम ह्याच्यावर दुसऱ्या कोनाचं न्हाई. माझ्यासमूर नको.”

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो असेन. तिसऱ्यांदा म्हणायचं राहून गेलं.

पुढच्या सुट्टीला सकाळी, बायको भाजीला गेली असताना, मी तिचा भुवया कोरायचा चिमटा आणि टॉर्च घेऊन बसलो. पान चटकन निघालं, राव. वाळून भुऱ्या रंगाचं झालेलं, कडेला कुंकवाचा डाग. मग मी तारा छेडल्या. स्वच्छ. पहिल्यासारखा, घासल्यासारखा स्वच्छ.

फोन हातात घेतला होता मी. आणि इथे तर खरं बोलायचीही गरज नव्हती, हे ध्यानात घ्या! ‘पुण्याच्या कारागिराकडून नीट करून आणलं’ एवढी एक थाप मारली असती तरी भागलं असतं. वाद्य परत, हात परत, पुण्याची पोरंही कदाचित परत. म्हणजे मला खोटं बोलून सुटता येत होतं. मग का नाही बोललो? — आता भीतीचं नाव सांगणार नाही. मला ते हवं होतं. माझ्या मांडीवर होतं ते, आणि मला ते तिथेच हवं होतं. मी फोन खाली ठेवला आणि दार उघडायला गेलो. बायको भाजी घेऊन आली होती.

मग मी शिकलो. यूट्यूबवर बघून, अगदी थोड्या धुना, त्याही संथ. सोसायटीच्या गणपतीत वाजवल्या. आमच्या सोसायटीत ब्लूग्रास कोणालाच कळत नसल्याने फार वाहवा झाली. सेक्रेटरी म्हणाले, पाठकांमध्ये कलाकार लपलाय हे माहीतच नव्हतं.

परवाच्या उन्हाळ्यात भाऊ घरी आले. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन, वहिनीही होत्या. चहा झाला. भाऊंची नजर कोपऱ्यातल्या पेटीकडे गेली आणि ते म्हणाले, वाजवा की जरा. मी वाजवलं. चुकत, अडखळत, पण आवाज स्वच्छ. भाऊंनी मान खाली घालून पुरं ऐकलं. मग म्हणाले, “अजिबात करकरत न्हाई. म्हंजी हत्यार चांगलंच व्हतं, साहेब. माझाच हात गेला व्हता.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं. आणि मी म्हणालो, “वय होतं, भाऊ. चालायचंच.”

ते माझ्यापेक्षा लहान आहेत.

“व्हय,” भाऊ म्हणाले, आणि मग त्यांनी मला विचारलं, हळदीला तुम्ही वाजवाल का? पोरीची फार इच्छा होती बापाने वाजवावं म्हणून. आता बाप नाही तर तुम्ही.

मी गेलो. होय, गेलो. नवा कुर्ता घालून गेलो. भर मांडवात, माइकसमोर बसून त्यांच्याच वाद्यावर त्यांचीच धून काढली, आणि समोर पहिल्या रांगेत भाऊ टाळ्या वाजवत होते. लोक आपले मात्रेवर टाळ्या वाजवतात ना? भाऊंची टाळी मात्रेवर नव्हती. दोन मात्रांच्या मधल्या जागेत पडत होती ती, नेमकी, ठाम. त्या संगीतात ढोल नसतो, तबला नसतो. मॅन्डोलिनवाला त्या मधल्या जागेत ठोका देतो आणि त्याच्यावर सगळे चालतात. तो ठोका मला कधीच साधला नाही. भाऊंच्या टाळीत तो एकदाही इकडचा तिकडे झाला नाही. मी पळत होतो तिथे मला मागे ओढत होता, मी रेंगाळत होतो तिथे पुढे ढकलत होता. माझं त्या दिवशीचं वाजवणं चांगलं झालं असं सगळे म्हणाले. ते माझं नव्हतंच. हात कुठेही गेलेला नव्हता, आणि मांडवभर माणसांत हे समजणारा मी एकटा होतो, आणि ते सांगायला माइक माझ्याच तोंडासमोर होता.

वाजवून झाल्यावर भाऊ स्टेजवर आले. मला वाकून नमस्कार केला त्यांनी. मग माइक हातात घेऊन, ज्या आवाजाला माइकची कधी गरज नव्हती त्या आवाजात सांगितलं की पाठक साहेबांनी माझं वाद्य सांभाळलं, नाहीतर ते माझ्याकडे पडून सडलं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी नारळ दिला, शाल दिली. भाऊंनी स्वतः भगवा फेटा उचलला आणि मला बांधायला पुढे आले.

आणि मी मान पुढे केली.